सुपरहिरो कसा घडवायचा? गटातील भूमिका-खेळासाठी पात्रनिर्मिती



वर्गात मुलांना एकदा सांगून बघा, "तुमचा स्वतःचा सुपरहिरो तयार करा." पाच मिनिटांत वह्या भरतात. प्रत्येकाचा हिरो उडतो, गायब होतो, डोंगर उचलतो आणि कधीच मरत नाही. चित्रंही झकास असतात. पण हेच हिरो घेऊन गटात खेळ सुरू केला की तो दोन मिनिटांत संपतो. संकट सांगितलं रे सांगितलं की पहिला मुलगा म्हणतो, "मी ते संपवलं." मग बाकीच्या चार जणांनी काय करायचं?

चित्रातला हिरो आणि गटात खेळायचा हिरो यांत हा मोठा फरक आहे. चित्रातल्या हिरोला काहीही जमलं तरी चालतं. गटातल्या हिरोला मात्र काहीतरी जमत नाही असं असावंच लागतं, कारण त्याला जे जमत नाही, तिथेच शेजारच्याचं काम सुरू होतं. आजच्या लेखात असं पात्र टप्प्याटप्प्याने कसं तयार करायचं आणि वर्षभर कसं वाढवत न्यायचं ते पाहू. इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी हा उपक्रम चांगला जमतो. शनिवारच्या 'आनंददायी शनिवार' तासिकेत तो सहज बसतो.

भूमिका-खेळ म्हणजे काय?

स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात संवाद आधी लिहिलेले असतात. भूमिका-खेळात संवाद लिहिलेलेच नसतात. एक जण सूत्रधार होतो (सुरुवातीला शिक्षकच). तो प्रसंग सांगतो, "रात्र झालीय, पाऊस थांबत नाहीये. तुम्ही काय करता?" प्रत्येक मूल आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतं. ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. त्यातून पुढची गोष्ट घडते.

आपल्याला हे अगदी परकं नाही. तळकोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं आणि नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात. फाशांचा आणि पात्राच्या कार्डाचा खेळ म्हणून हा प्रकार अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने रूढ केला. पुढे सुपरहिरोंचेही असे खेळ आले. त्यांतल्या दोन खेळांतल्या युक्त्या आपल्याला वर्गात उपयोगी पडतात. त्या पुढे योग्य जागी सांगतो.

टप्पा १ : आधी माणूस, मग शक्ती

१९७९ साली आलेल्या 'व्हिलन्स अँड विजिलांटीज' या खेळात एक गंमत होती. खेळाडूने नवीन माणूस कल्पायचा नाही, स्वतःच सुपरहिरो व्हायचं. म्हणजे मी आहे तसाच आहे, फक्त मला एक शक्ती मिळाली आहे. लहान मुलांसाठी ही सुरुवात उत्तम. नाहीतर हिरो लगेच न्यूयॉर्कला राहायला जातो आणि त्याचं नाव जॉन असतं!

म्हणून पहिल्या दिवशी शक्तीचा विषयच काढायचा नाही. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू कार्ड म्हणून घ्यायची आणि त्यावर चार गोष्टी लिहायच्या:

• मला कोणतं काम चांगलं येतं? (घरचं, शेतातलं, कोणतंही)
• मला कशाची भीती वाटते?
• मी कोणासाठी धावत जाईन?
• मला कशाचा राग येतो?

"मला काही येत नाही" म्हणणाऱ्या मुलांची इथे खरी ओळख होते. कोणाला खेकडे पकडता येतात, कोणाला रडणारं बाळ झोपवता येतं, कोणी ढग बघून पाऊस कधी येईल ते सांगतं. शक्ती यातूनच काढायची. बाळ झोपवणाऱ्या मुलीची शक्ती 'कोणाचाही राग शांत करणे' ही होऊ शकते. अशी शक्ती मूल विसरत नाही, कारण ती त्याच्या हातातली असते.

टप्पा २ : एकच शक्ती आणि तिची हद्द

सुपरमॅन १९३८ साली चित्रकथेत आला तेव्हा तो उडतसुद्धा नव्हता, लांब उड्या मारायचा. हळूहळू त्याच्या शक्ती वाढत गेल्या. ज्याला काहीच होऊ शकत नाही त्याची काळजी कोण करणार? १९४३ मध्ये त्याच्या रेडिओ मालिकेत क्रिप्टोनाइट नावाचा दगड आला. तो जवळ आला की सुपरमॅन दुबळा होतो. हिरोला उणीव मिळाली आणि गोष्टीत पुन्हा जीव आला.

१९८१ च्या 'चॅम्पियन्स' या खेळाने तर हा नियमच केला. पात्रासाठी तुम्ही एखादी अडचण निवडलीत, तर तुम्हाला जास्तीचे गुण मिळतात. उणीव ही इथे शिक्षा राहिली नाही, ती कमाई झाली. आपण हेच चिंचोक्यांनी करू.

प्रत्येक मुलाला ८ चिंचोके द्या. ते चार घरांत वाटायचे: बळ, डोकं, बोलणं, माया. प्रत्येक घरात कमीत कमी १, जास्तीत जास्त ४. जो आपल्या शक्तीला एक खरी उणीव लिहील त्याला २ चिंचोके जास्त. उणीव खरी हवी. "माझा हिरो रविवारी दमतो" हे चालणार नाही, कारण आपण खेळणार शनिवारी! मुलं ही चलाखी हमखास करतात. तेव्हा गटालाच विचारायचं, "ही उणीव खेळात कधी आडवी येईल?" उत्तर आलं नाही तर चिंचोके परत.

खेळाचा नियम सोपा आहे. काम सोपं असेल तर ४, मध्यम असेल तर ६ आणि अवघड असेल तर ८ गाठायचे. फाशावरचा आकडा अधिक त्या घरातले चिंचोके, अशी बेरीज करायची. मदतीला आलेल्या प्रत्येक मित्रामागे १ मिळवायचा. शक्ती वापरली तर फासा टाकायचा नाही, ती चालतेच. पण एका डावात एकदाच. उणीव आडवी आली तर तेवढ्यापुरती शक्ती बंद.

यातलं गणित मुलांच्या लवकर लक्षात येतं. ज्याच्या घरात एकच चिंचोका आहे त्याला अवघड काम एकट्याने जमूच शकत नाही, कारण ६ आणि १ सातच होतात. चार चिंचोके असतील तर ४, ५ किंवा ६ पडायला हवा, म्हणजे सहापैकी तीन वेळा जमेल. एक मित्र मदतीला आला की ३ पडूनही भागतं, म्हणजे सहापैकी चार वेळा. "मदत घ्या" असं भाषण करावं लागत नाही.

टप्पा ३ : ताकद आपल्या भागात शोधा

आमच्या कर्जत-खालापूर भागात शक्तीची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

*शिंग्रोबा :* बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. जाता-येता गाडीवाले तिथे नाणं टाकतात. लोककथा अशी, की इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली आणि मग त्यालाच मारलं. या हिरोची शक्ती कोणती? वाट माहीत असणं. आणि उणीव? ज्याला वाट दाखवली त्याच्यावर विश्वास ठेवणं. मुलांशी यावर तासभर बोलता येतं.

*उंबरखिंड :* १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला खालापूर तालुक्यातल्या याच खिंडीत कोंडलं. मोठी फौज ही मोकळ्या मैदानात ताकद असते, अरुंद खिंडीत तीच अडचण होते. म्हणजे शक्ती आणि उणीव या जागेवर ठरतात. पात्र लिहिताना मुलांना विचारा, "तुझी शक्ती कुठे उलटेल?"

*बँकर :* हे आमच्या मुलांचं सगळ्यात लाडकं. कर्जतहून लोणावळ्याकडे घाट चढताना गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट इतका आहे. पुढचं इंजिन कितीही दणकट असो, मागून ढकलणारं लागतंच. चौथीतल्या एका मुलीने यावरून 'बँकरताई' तयार केली. ती ज्याच्या पाठीवर हात ठेवील त्याला ३ चिंचोके जास्त मिळतात. उणीव: स्वतःला ढकलता येत नाही. ही मुलगी वर्गात फार बोलत नसे. खेळात मात्र तिच्याभोवती रांग लागते, "बँकरताई, माझ्यामागे ये."

टप्पा ४ : गट जुळवा

चार-पाच जणांचा गट करा आणि कार्डं शेजारी शेजारी मांडा. दोघांची शक्ती सारखी असेल तर थोडी बदलायला सांगा. मग प्रत्येकाने दोन वाक्यं पूर्ण करायची:

"माझ्याशिवाय ______चं अडतं, कारण..."
"______शिवाय माझं अडतं, कारण..."

दुसरं वाक्य लिहायला मुलं कचरतात. वेळ द्या. ते लिहिलं की गट तयार झाला असं समजा.

एक नमुना डाव

आमच्या एका गटात चार हिरो होते. बँकरताई. लांबकान्या, ज्याला मैलभर लांबचं ऐकू येतं, पण वीज कडाडली की कान बंद होतात. पाखरी, जिला पक्ष्यांची भाषा येते, पण पक्षी रात्री झोपतात. आणि मातीमॅन, ज्याने हात लावला की माती बोलते. (त्याच्या उणिवेबद्दल पुढे.)

प्रसंग: रात्रीची वेळ, ओढ्याला पाणी आलंय. पलीकडच्या वाडीत एका आजीला ताप आहे, औषध पोचवायचंय.

लांबकान्या वरून किती पाणी येतंय ते ऐकायला गेला. सूत्रधार म्हणाला, "वीज कडाडतेय." कान बंद. पाखरीला आठवलं, रात्र आहे. लांबकान्याने मग उडी मारायची ठरवली. अवघड काम, ८ हवेत. त्याचं बळ २, फासा पडला ३, बेरीज ५. पाय घसरला, मित्रांनी ओढून घेतलं, पण औषधाची पुडी भिजली.

मग मातीमॅनने काठाला हात लावला. शक्ती वापरली, त्यामुळे फासा नाही. "काठ आतून पोकळ झालाय, मागे व्हा." सगळे मागे सरले. आता लांबच्या पुलावरून जायचं ठरलं, नवं औषध घेऊन. त्यासाठी एका टेंपोवाल्या काकांना उठवायचं, आणि काका रात्री यायला तयार नाहीत. अवघड काम. पाखरीचं बोलणं ३, पाठीवर बँकरताईचा हात म्हणून आणखी ३, फासा पडला २. बरोबर ८! काका उठले. जाताना मुलांनी १०८ ला फोन करायचं स्वतःहून सुचवलं.

इथे सूत्रधाराने दोन गोष्टी सांभाळायच्या. हरलेल्या डावात पात्र मरत नाही, पण काहीतरी नुकसान होतं आणि गोष्ट पुढे सरकते. आणि ज्या कामात खऱ्या जगात जीव जाईल, त्यात नुसत्या हिमतीला यश द्यायचं नाही. आपल्या मुलांच्या वाटेत खरे ओढे आहेत. आमच्या लहानपणी, १९९७ नंतर, दूरदर्शनवर 'शक्तिमान' लागायचा तेव्हा त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. त्यामुळे डाव संपल्यावर एक प्रश्न ठरलेला असावा: "यातलं काय आपण खरंच करू शकतो आणि काय फक्त खेळात?"

टप्पा ५ : पात्र वाढवत न्या

पात्र एका दिवसात पूर्ण होत नाही. प्रत्येक डावानंतर मुलाने कार्डाच्या मागे एकच ओळ लिहायची: "आज माझ्या हिरोला काय कळलं?" चार-पाच डावांनी एक चिंचोका वाढवायला द्यायचा, पण तो का हवा ते गटाला सांगून. "मी तीन वेळा भांडण मिटवलं म्हणून माया वाढवतो" असं कारण हवं. उणीवही बदलू शकते. भित्रा हिरो एखाद्या डावात भीती असूनही पुढे गेला, तर ती ओळ पुसायची नाही, तिच्यापुढे लिहायचं.

आता मातीमॅनबद्दल. आमच्याकडच्या कातकरी वाड्यांतली काही कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही बरोबर जातात. मातीमॅन करणारा मुलगा अशाच घरातला. चिखल हातात घेऊन वीट भाजताना तडकेल की नाही हे तो खरंच सांगायचा. त्याच्या कार्डावर उणीव म्हणून त्याने लिहिलं होतं: "दिवाळीनंतर शक्ती जाते. पावसात परत येते."

दिवाळीनंतर तो गेला. पहिल्याच शनिवारी गटापुढे प्रश्न आला, मातीमॅनच्या कार्डाचं काय करायचं? एक जण म्हणाला, काढून टाकू, नवीन हिरो घेऊ. बँकरताई म्हणाली, "त्याने आधीच लिहिलंय की शक्ती जाते. गेला असं कुठे लिहिलंय?" मग ठरलं, की तो दुसरीकडची माती राखायला गेलाय. त्याचं कार्ड डावात मांडायचं आणि प्रत्येक डावाचा एक चिंचोका त्याच्या काडेपेटीत टाकायचा. डावात माती किंवा काठ आला की मुलं म्हणायची, "आत्ता मातीमॅन हवा होता."

स्थलांतरित मुलांना आपण शिक्षण हमी पत्रक देतो. ते हवंच. पण ते दुसऱ्या शाळेने वाचायचं असतं. हे कार्ड त्याच्या स्वतःच्या वर्गात त्याची जागा धरून होतं. जूनमध्ये तो आला तेव्हा काडेपेटी त्याच्या हातात दिली. तो चिंचोके मोजत बसला. वीसच्या पुढे अडखळला, तेव्हा गटानेच त्याला पुढचे आकडे सांगितले. त्याच्या वाचनाचं आणि गणिताचं बरंच काम बाकी होतं, ते आम्ही वर्षभर करत राहिलो. पण त्या वर्षी "मी कोणत्या वर्गात बसू?" हे त्याला विचारावं लागलं नाही.

खऱ्या दुःखाचा विषय निघाला तर

खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकर समाजाची वस्ती मातीखाली गेली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं पोचत नव्हती, माणसं हातांनी माती उपसत होती. आमच्या भागातल्या मुलांनी हे घरात ऐकलेलं आहे. त्यामुळे "माझा हिरो डोंगर हाताने धरून ठेवतो" असं कोणी ना कोणी म्हणतंच. त्याला गप्प करू नका. ते चित्र काढू द्या.

खेळासाठी मात्र आम्ही दोन नियम केले आहेत. ज्या ठिकाणी खरंच माणसं गेली, त्या ठिकाणाचं नाव घेऊन डाव मांडायचा नाही. आणि कोणी "मला हे नको" म्हटलं की कारण न विचारता प्रसंग बदलायचा.

एका डावात, नाव नसलेल्या एका वाडीच्या गोष्टीत, लांबकान्याला डोंगराच्या पोटातला आवाज ऐकू आला. तो म्हणाला, "मी गावाला सांगतो, पळा." सूत्रधाराने गावकरी होऊन विचारलं, "पोरा, इतक्या पावसात म्हातारी माणसं, गुरंढोरं घेऊन कुठे जायचं? तुझं का ऐकू?" सगळा डाव मग यावरच चालला. एकाने शाळा उघडायला सांगितली, एकीने आधी आपल्या आजीला तयार केलं, कारण आजी उठली की वाडी उठते. डोंगर कोणीच धरला नाही. ऐकणारा एक जण होता आणि त्याचं खरं मानणारे तीन जण होते, म्हणून गाव वेळेत हललं.

संकटात धावणारी खरी माणसंही मुलांना सांगा. बोरघाटात अपघात झाला की खोपोलीतले स्वयंसेवक पोलिसांबरोबर मदतीला पोचतात, गिर्यारोहक मंडळी दोर घेऊन दरीत उतरतात. त्यांच्याकडे दोर आहे, सराव आहे आणि एकमेकांचे फोन नंबर आहेत. मुलांना विचारा, यातली शक्ती कोणती?

शिक्षकांसाठी थोडक्यात

साहित्य: जुन्या लग्नपत्रिका, चिंचोके, फासा, काडेपेट्या.
वेळ: पात्र तयार करायला दोन तासिका, प्रत्येक डावाला ४० मिनिटं.
काय पाहावं: मूल पूर्ण वाक्यात बोलतं का, दुसऱ्याचं ऐकून आपलं उत्तर बदलतं का, बेरीज स्वतः करतं का, कारण सांगतं का. घरची बोली बोलत असेल तर बोलू द्या. पात्राला त्याची बोली शोभते.
सूत्रधार: दोन महिन्यांनी हे काम मुलांकडे द्या. गप्प बसणारी मुलं कधी कधी उत्तम सूत्रधार होतात.

येत्या शनिवारी फक्त पहिला टप्पा करून बघा: चार प्रश्न, एक कार्ड. शक्तीचं नाव काढू नका. सोमवारी मुलं स्वतःच विचारत येतील, "सर, आता शक्ती कधी द्यायची?"